चोणक पकडायला ऑस्ट्रेलियाला कसे जावे

मुलगा सिडनीला स्थायिक झाला आहे, नातू रांगू लागला आहे आणि सून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर 'तीन महिने तरी राहायला या' असा आग्रह करते आहे, अशा शुभ परिस्थितीत आपण ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाची तयारी करत असाल, तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. नातू हा या प्रवासाचा जाहीर हेतू आहे. खरा हेतू चोणक हा मासा आहे. व्हिसाच्या अर्जात मात्र नातूच लिहावा.

आपल्या गोव्यातल्या मांडवीत, झुवारीत आणि खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांच्या) मानशींपाशी, म्हणजे पाण्याच्या झडपांपाशी, जो चोणक गरीला लागतो, त्यालाच ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांत दोघांचे नाव एकच आहे: लेट्स कॅल्कॅरिफर. म्हणजे जो मासा घरामागच्या बांधावर बसून पकडता येतो, त्याच्यासाठी आपण सुमारे दहा हजार किलोमीटर जाणार आहोत. घरातून यावर प्रश्न येईलच. आमच्या घरी 'हांगाचें नुस्तें सोंपलें व्हय?' (इथले मासे संपले का?) असा आला होता. अशा वेळी वाद घालू नये. इकडचा चोणक हुमणात, म्हणजे आमटीत, जातो आणि तिकडचा फोटोत, हा फरक ज्यांना कळत नाही त्यांना समजावण्यात अर्थ नसतो.

नकाशा शक्यतो पाहू नये. पाहिल्यास असे आढळते की मुलगा देशाच्या आग्नेय कोपऱ्यात राहतो, चोणक उत्तरेच्या उष्ण पाण्यात राहतो आणि सिडनीहून डार्विनला विमानानेसुद्धा चार तासांहून अधिक वेळ लागतो. ही माहिती तिकीट काढल्यानंतर मिळाली तर ती साहस ठरते आणि आधी मिळाली तर अडचण ठरते, म्हणून ती आधी मिळवूच नये.

महिना निवडताना आपल्या सोयीचा विचार करावा, माशाच्या सोयीचा करू नये. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, बाजारात इसवणाचा (सुरमईचा) भाव ऐकून माणूस शाकाहाराकडे झुकतो, तेव्हा हेच दोन महिने परदेशी घालवावेत असे कोणालाही वाटेल. डार्विनकडे त्या सुमारास कोरडा ऋतू असतो, आकाश निरभ्र, हवा सुखाची, आणि पाणी गार झाल्यामुळे चोणक इतका सुस्तावलेला असतो की तोंडासमोरून गेलेल्या आमिषाकडेही तो ढुंकून पाहत नाही. तिकडे गर्दी उसळते ती साधारण मार्च ते मे या काळात, कारण पावसाळ्यात सखल मैदानभर पसरलेले पुराचे पाणी तेव्हा ओसरून नद्यांत उतरते आणि त्याबरोबर वाहत येणाऱ्या लहान माशांसाठी चोणक ओहोळांच्या तोंडाशी दबा धरून बसतो. परंतु मार्चमध्ये शिगमो असतो, एप्रिलमध्ये काजू आणि मे महिन्यात मानकुराद आंबा सोडून जाणारा गोंयकार मी अद्याप पाहिलेला नाही. उरला डिसेंबर. डिसेंबरात क्वीन्सलँड राज्यात जावे, कारण तिथल्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी या विणीच्या काळात चोणक पकडण्यास बंदी असते आणि त्यामुळे काही न पकडता परत येण्याचे कायदेशीर कारण आपल्याला आयते मिळते.

गंमत अशी की हेच आपण घरी अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी मंद असताना, गरी हातात घेत नाही. पाणी ओढत नाही, मासा हलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परदेशी मात्र ज्या दिवशी तिकीट स्वस्त तेच उधाण.

आता सामान. नवी गळकाठी, नवे रीळ आणि रंगीत प्लास्टिकचे खोटे मासे यांवर एका महिन्याचे पेन्शन खर्च झाल्याशिवाय तयारी पूर्ण झाली असे समजू नये. तरीही जुने रीळ बरोबर घ्यावेच, कारण ते शुभ असते. माझे रीळ वीस वर्षांचे आहे आणि त्याच्या दांड्याच्या खाचेत मांडवीचा चिखल वाळून राखाडी झाला होता, हे मला सिडनीच्या विमानतळावर कळले. विमानात जे कार्ड भरून घेतात त्यात मासे, मांस, फळे, बिया, माती लागलेल्या वस्तू यांची विचारणा असते; मी भीत भीत 'होय' लिहिले होते. हातमोजे घातलेल्या एका तरुण अधिकारी बाईंनी रीळ दिव्याखाली धरले, बारीक ब्रशने खाच झाडली आणि त्यातून एक खवला बाहेर काढला. तो शेवटा नावाच्या माशाचा होता, मी पाहताक्षणी ओळखला. 'कोणत्या नदीतला?' असे त्यांनी विचारले असते तर मी गावासकट सांगितले असते, पण त्यांना त्यात रस नव्हता. पिशवीच्या तळाशी किसमुरीसाठी (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीसाठी) घेतलेले सुके सुंगट, म्हणजे सुकी कोळंबी, होते, तेही मी आपण होऊन दाखवले. आपण मात्र इतका भित्रेपणा करू नये. लपवून न्यावे. २०१९ पासून अशा लपवाछपवीबद्दल पर्यटकाचा व्हिसा विमानतळावरच रद्द करता येतो, त्यामुळे तीन महिन्यांचा प्रवास एका दिवसात आटोपतो आणि परतल्यावर मानकुराद शिल्लक असतो.

आमिषाचा प्रश्न आपल्याकडे कधी पडत नाही; बाजारातून पाव किलो सुंगटे घ्यावीत, निम्मी गरीला, निम्मी घरी. तिकडे दुकानातली परदेशातून आलेली कच्ची कोळंबी खायला चालते, गळाला लावायला चालत नाही. २०१६ च्या अखेरीस क्वीन्सलँडमध्ये लोगन नदीकाठच्या कोळंबी तलावांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला आणि तेव्हापासून खाण्याची कोळंबी आमिष म्हणून पाण्यात टाकू नका, असे तिथे पुन्हा पुन्हा बजावले जाते. एका कोळंबीने असा काय अनर्थ होणार, हा प्रश्न आपण धक्क्यावर मोठ्याने विचारावा. उत्तर द्यायला माणसे तत्परतेने जमतात.

नियम वाचण्यात वेळ दवडू नये. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये गळ टाकायचा तर आधी शुल्क भरावे लागते, तीन दिवसांचे ७ डॉलर, महिन्याचे १४, वर्षाचे ३५; उत्तरेच्या, डार्विन ज्यात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत परवानाच लागत नाही. जर्मनीत तर परवान्यासाठी सहसा परीक्षा द्यावी लागते, तेव्हा मुलगा म्युनिकला नाही याबद्दल ग्रामदेवतेला नारळ द्यावा. पण शुल्कापेक्षा जाच आहे तो मोजपट्टीचा. चोणक जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी त्याचीच मादी होते. म्हणजे दांडगे मासे बहुधा माद्या. म्हणून क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान चोणक ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवता येत नाही. आपली पद्धत अधिक सुटसुटीत आहे. लहान मासा कोवळा म्हणून घ्यावा, मोठा गाबोळीसाठी, म्हणजे पोटातल्या अंड्यांसाठी, घ्यावा, आणि मधला मिळाला तर तो सोडून देण्याइतके आपण वेडे नाही.

सिडनीच्या एका धक्क्यावर मला पहिला मासा लागला, तो चंदेरी ब्रीम. शेजारी एक वृद्ध बाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या; त्यांनी न विचारता आपली प्लास्टिकची मोजपट्टी माझ्यापुढे सरकवली. तोंड शून्यावर टेकवून शेपूट पसरले तर ते २४ च्या रेघेवर थांबले. किमान लांबी २५. मी शेपूट किंचित ओढले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मासा पाण्यात सोडला आणि जणू आधीपासूनच सोडणार होतो अशा चेहऱ्याने हात धुतले. आपण असे वागू नये. 'आमच्याकडे याला मोठा म्हणतात' असे ठणकावून सांगावे.

सोडून देणे अगदीच जिवावर येत असेल, तर हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला बसावे. जुन्या रासायनिक कारखान्यांमुळे तिथल्या गाळात डायऑक्सिन हे विष साठले आहे. २००६ पासून बंदरातली व्यावसायिक मासेमारी बंद आहे आणि पुलाच्या पश्चिमेला पकडलेला मासा खाऊ नये, अशी सरकारी सूचना आहे. तिथे मापाचा मासा लागला तरी घरी न्यायचा प्रश्नच उरत नाही, मन शांत राहते.

उत्तरेला गेलात तर पाण्याच्या काठाशी, शक्यतो घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहावे. तिथे खाऱ्या पाण्यातल्या सुसरी असतात आणि त्यांनाही चोणक आवडतो. फोंड्याकडच्या खाजनांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात, ती मानगेथापणी लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे सुसरीशी आपला जुना घरोबा आहे, असे समजावे. सुसरीला तसे वाटते की नाही, ते काठावरच्या धोक्याच्या पाट्या वाचल्यास कळते. पण नियमांप्रमाणे पाट्याही वाचू नयेत.

मला स्वतःला चोणक मिळाला तो परतीच्या आदल्या आठवड्यात, सिडनीच्या एका सुपरमार्केटमध्ये, बर्फावर, कातडीसकट, स्वच्छ तुकडे करून ठेवलेला. सुनेने सोलां (आमसुले) आणि तेफळे घालून उत्तम हुमण केले, मी गळकाठी भिंतीला टेकवून पानावर बसलो आणि मुलाने फोटो काढला, ज्यात काठी आणि चोणक दोन्ही येतात. रात्री वेष्टन कचऱ्यात टाकताना चष्मा लावून पाहिले, तर त्यावर बारीक अक्षरांत छापले होते की मासा तळ्यात वाढवलेला असून आशियातून आयात केलेला आहे. असे वेष्टन कुटुंबाच्या हाती लागू देऊ नये.