ऑनलाइन पदवी ‘रेग्युलर’ करून देणाऱ्याला एक पैसाही देऊ नका

परवा रात्री साडेदहाला धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. ती पंढरपूरला एका पतपेढीत कॅशियर आहे आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते. दुसरं वर्ष आहे. म्हणाली, “ताई, माझी डिग्री बाद झाली म्हणे. बांगड्या गहाण टाकल्या तर पंचेचाळीस हजार उभे राहतील. टाकू का?”

कसले पंचेचाळीस हजार, म्हणून विचारलं तेव्हा तिने तो मेसेज पाठवला. लाल पट्टीवर पिवळी अक्षरं, वर यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, बोधचिन्ह, खाली मोबाइल नंबर. म्हणणं असं: यूजीसीने ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्यांची मान्यता काढली. त्या एमपीएससीला, बँकेला चालत नाहीत. एम.कॉम.ला प्रवेश मिळत नाही. परीक्षा घरबसल्या होते. पदवीवर ‘ऑनलाइन’ असा शिक्का येतो. तेव्हा 45 हजार भरा आणि जुन्या तारखेची रेग्युलर पदवी घ्या.

मी शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण वरचे पाचही मुद्दे त्या ओळीसाठीच रचलेत. दूरस्थ पदवी रेग्युलरमध्ये बदलून देण्याची तरतूद कुठल्याही नियमात नाही. जुन्या तारखेची पदवी म्हणजे बनावट कागद. नोकरी लागली की कागदपत्रांची पडताळणी होते, विद्यापीठाला पत्र जातं, तिथल्या नोंदीत नाव सापडत नाही. मग नोकरी जाते आणि गुन्हा दाखल होतो, तो कागद दाखवणाऱ्यावर. एजंटाचा नंबर तोवर बंद झालेला असतो. रोज दुसऱ्यांची रोकड मोजणाऱ्या, आजवर एका रुपयाचा घोळ न केलेल्या मुलीला हा माणूस बांगड्या मोडून गुन्हेगार व्हायला सांगतो आहे. मला झोप लागली नाही.

आता मान्यतेचं. यूजीसीचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम 4 सप्टेंबर 2020 ला निघाले. त्यातला नियम 22 सांगतो की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाईल. तरी शंका येत राहिल्या, म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. एमपीएससी, बँक, एम.कॉम. या तिन्ही मुद्द्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे. जिथे ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ एवढीच अट असते, तिथे ही पदवी चालते. मुक्त विद्यापीठ तर 1989 साली विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं आहे.

अफवेला धागा कुठून मिळाला तेही सांगते. दूरस्थ पद्धतीने दिलेल्या काही अभिमत विद्यापीठांच्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये खरोखरच अवैध ठरवल्या. 2025 मध्ये यूजीसीने मानसशास्त्र, पोषणशास्त्र अशा आरोग्याशी जोडलेल्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वकिली हे या मार्गाने करता येत नाही, पीएच.डी.सुद्धा नाही. कोणी तसं विकत असेल तर तो फसवतो आहे. पण यातलं काहीही बी.कॉम.ला लागू नाही.

परीक्षेचं म्हणाल तर माझी बहीण परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून पेपर लिहिते. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रमाच्या परीक्षाही केंद्रावर बसूनच द्याव्या लागतात. काही विद्यापीठं घरी कॅमेऱ्यासमोर परीक्षा घेतात आणि त्यात ढिलाई होऊ शकते, हे मला मान्य करावं लागेल. तो दोष त्या परीक्षेचा, पदवीच्या वैधतेचा नाही.

आणि शिक्का? पदवीच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची तारीख आणि परीक्षा केंद्राचा पत्ता छापायचा हा यूजीसीचाच नियम आहे. लपवायचं त्यात काय? रविवारची सुट्टी संपर्क सत्राला घालवून, काउंटर बंद झाल्यावर गृहपाठ लिहून मिळवलेली पदवी आहे ती.

ज्यांना खरंच तपासायचं आहे त्यांनी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर जावं. कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या सत्रासाठी, कुठल्या अभ्यासक्रमाची परवानगी आहे ते तिथे नावानिशी दिलेलं आहे. नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका, आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्ष शोधा. आता प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडीही काढावा लागतो. तो काढायला एजंट लागत नाही.

बहिणीला 2022 ची ती सूचना पाठवली. तिने दोनदा वाचली आणि विचारलं, “मग आमच्या बॅचच्या दोघींनी पाच-पाच हजार आधीच भरलेत, त्यांचं काय?” त्या दोघींना आणि तुमच्यापैकी ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांना माझं सांगणं: पैसे पाठवल्याची पावती आणि त्या नंबरवरचे मेसेज जपून ठेवा, आणि आजच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.