चार धुराड्यांच्या बोटी गंजत पडल्या होत्या म्हणे

एक फॉरवर्ड फिरतंय, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला एकीला एक खेटून बांधलेल्या डिस्ट्रॉयर्सचा, म्हणजे छोट्या वेगवान युद्धनौकांचा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि खाली मजकूर की डिसेंबर १९४१ ला अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या जुन्या चार धुराड्यांच्या बोटी अशाच गंजत होत्या, कामाच्या होत्या त्या ब्रिटनला दिलेल्या आणि उरलेल्यांना ना धड स्क्वाड्रन ना खलाशी.

आधी फोटो. जागा खरी, पण त्या रांगा १९२० च्या दशकातल्या. अशा २७३ बोटी बांधल्या, बहुतेक तयार झाल्या तोवर पहिलं महायुद्धच संपलं, मग ठेवायच्या कुठे? गंजू नये म्हणून रेड लेड, म्हणजे आपला शेंदूरच, फासून उभ्या केल्या, त्या रांगेचं नावच रेड लेड रो. यॅरो नावाच्या बनावटीचे बॉयलर असलेल्या साठेक बोटी तर बॉयलर झिजले म्हणून १९३० च्या आसपास भंगारात गेल्या.

ब्रिटनला दिल्या ५०, सप्टेंबर १९४० मध्ये, बदल्यात तळांसाठी ९९ वर्षांच्या लीजवर जागा. ५० गेल्या म्हणजे मागे फक्त कचरा राहिला हे कुठलं गणित?

आता 'स्क्वाड्रन नव्हती' हे. फिलिपिन्समधल्या एशियाटिक फ्लीटकडे १३ डिस्ट्रॉयर, सगळ्या चार धुराड्यांच्याच. डिव्हिजन ५७, ५८, ५९, प्रत्येकीत ४ बोटी, वर लीडर पॉल जोन्स, मिळून स्क्वाड्रन २९, आणि मागे ब्लॅक हॉक ही टेंडर, म्हणजे तरंगतं वर्कशॉपच. यांनी शेंदूर वगैरे काही बघितला नव्हता, वर्षानुवर्षं उन्हाळा चीनच्या किनाऱ्यावर, हिवाळा मनिलाला. आणि या फ्लीटचा प्रमुख अ‍ॅडमिरल हार्टने नोव्हेंबर १९४१ संपायच्या आतच डिव्हिजन ५७ ब्लॅक हॉकबरोबर बोर्निओकडे हलवली होती, म्हणजे बेसावध वगैरे पण नाही. जानेवारी १९४२ मध्ये बोर्निओवरच्या बालिकपापान बंदराजवळ रात्री हल्ला केला त्या ४ बोटी बघा: फोर्ड आणि पोप ५९ मधल्या, पॅरट ५८ मधली, चौथी लीडर पॉल जोन्स. वेगवेगळ्या डिव्हिजनच्या बोटी, अंधारात, एकामागे एक, जपानी ताफ्यात घुसून सैन्य आणणारी ट्रान्सपोर्ट जहाजं बुडवून चारही परत आल्या. सुरुवातीचे टॉर्पेडो वाया गेले हे खरंय, पण टॉर्पेडोचं दुखणं तेव्हा अख्ख्या अमेरिकन नेव्हीचंच होतं.

बऱ्याच बोटींचं तर कामच बदललेलं. पर्ल हार्बरच्या माइन डिव्हिजन १ आणि २ मधल्या आठही बोटी याच जातीच्या, फक्त सुरुंग पेरायला लावलेल्या. काही सीप्लेन टेंडर झाल्या, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची देखभाल करणाऱ्या, काहींचे पुढचे दोन बॉयलर काढून तिथे मरीन्सची, म्हणजे किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सैनिकांची, सोय केली.

खलाशांबद्दल मात्र अर्धं खरंय. 'वॉर्ड' नावाच्या अशाच एका डिस्ट्रॉयरवरचे बरेचसे खलाशी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलचे रिझर्व्हिस्ट, म्हणजे राखीव दलातले, पण बोट जानेवारी १९४१ पासून परत सर्व्हिसमध्ये, डिव्हिजन ८० मध्ये, पर्ल हार्बरच्या तोंडाशी गस्तीवर. कॅप्टन आउटरब्रिज तेवढा दोनच दिवसांचा. ७ डिसेंबरला सकाळी पावणेसातच्या सुमारास, म्हणजे हल्ल्याची जपानी विमानं यायच्या तासभर आधी, छोटी जपानी पाणबुडी दिसली, पहिल्या तोफेचा गोळा चुकला, तीन नंबरच्या तोफेचा थेट कॉनिंग टॉवरला, म्हणजे पाणबुडीच्या वरच्या बुरुजाला, लागला. पाणबुडी २००२ मध्ये समुद्रतळाशी सापडली, भोकासकट.

विमानांपुढे या बोटी दुबळ्या होत्या असं म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो, मुख्य ४ इंची तोफा विमानांसाठी नव्हत्याच. पण ते फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

ती तीन नंबरची तोफ आज सेंट पॉलला राज्याच्या कॅपिटॉलसमोर ठेवलीय, फोटोच फिरवायचा तर तिचा फिरवा.