फोटो रंगवण्याआधी उलटा करून बघा

गेल्या महिन्यात पुतण्यानं आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोटो कुठल्याशा ॲपमधून रंगीत करून घरच्या ग्रुपवर टाकला. लष्करी वेशातले आबा, खुर्चीवर ताठ बसलेले, मागे स्टुडिओतला चितारलेला पडदा. सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. मला मात्र तो फोटो बघवेना. छातीवरच्या पदकांच्या फितींना ॲपनं सरसकट मातकट रंग फासला होता, आणि माझे वडील कुठे लढले हे मला त्याच फितींनी सांगितलं होतं.

आमच्या घरात लहानपणापासून एकच ठाऊक, दुसऱ्या महायुद्धात आबा बर्माला होते. ते स्वतः कधी बोलले नाहीत. १९७८ साली गेले तेव्हा मी पंचविशीची; नोकरी, सासर, तान्हं मूल, विचारायचं राहूनच गेलं. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून जो लढाईवर गेला तो बर्मालाच गेला, असं सगळे धरूनच चालायचे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी भिंग घेऊन बसले. एक फीत पाच सारख्या पट्ट्यांची होती: गडद, फिकट, गडद, फिकट, गडद. बर्माला लढलेल्यांना मिळालेल्या ‘बर्मा स्टार’ पदकाची फीत अशी नसते. तिच्यात मधोमध रुंद तांबडा पट्टा, दोन्ही अंगांना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. पाच सारखे पट्टे इटलीत लढलेल्यांच्या ‘इटली स्टार’ पदकाचे: तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा. इटलीच्या झेंड्याचेच रंग. आबा इटलीत होते!

हे पदक १९४५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे ज्याला आम्ही आयुष्यभर ‘भरती झाले तेव्हाचा फोटो’ म्हणत आलो, तो लढाई संपल्यानंतरचा. तो कोवळा, गुळगुळीत चेहरा सगळं बघून परत आलेल्या माणसाचा आहे. हे कळल्यावर मी कितीतरी वेळ भिंग हातात धरून नुसती बसून राहिले.

मग ट्रंकेतला दुसरा फोटो काढला. दगडी भिंतीपाशी तिघं जण, अंगात जाड ओव्हरकोट. बर्माच्या जंगलात असला कोट कोण घालेल, हे आम्हाला एवढ्या वर्षांत सुचलं नाही. मागच्या दुकानाच्या पाटीवर ‘साली ए तबाक्की’ अशी अक्षरं आहेत. मीठ आणि तंबाखू. इटलीत या दोन्हींवर सरकारचा मक्ता होता, परवान्याच्या दुकानांवर ही पाटी असायची. आबांची चंची शेवटपर्यंत उशाशी होती. त्या दुकानासमोर उभं राहायचं त्यांनाच सुचलं असणार, असं मला उगीच वाटतं.

फोटोच्या मागे मोडीत दीड ओळ आहे. गावाचं नाव नाही, सेन्सॉर लिहू द्यायचा नाही. पुण्यात एका मोडी जाणणाऱ्या बाईंकडून वाचून घेतली. थोरल्या चुलत्यांसाठी लिहिलंय: ‘आईस दाखवू नये. हात बरा आहे.’ फोटोत आबांचा डावा हात कोटाच्या आत आहे. आम्ही त्याला ऐट समजायचो.

१९४३ च्या सप्टेंबरपासून युद्ध संपेपर्यंत आपल्या मराठा पलटणी इटलीत नद्या ओलांडत, डोंगर चढत लढल्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, शिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना वाचवलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, म्हणून त्यांची नावं राहिली. जे तिथे मेले त्यांची नावं कॉमनवेल्थ युद्धस्मारकांच्या यादीत सापडतात. जे जिवंत परत आले आणि गुपचूप नांगराला लागले, त्यांच्यासाठी अशी यादीच नाही. त्यांचे कागद शोधायचे तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे अर्ज करायचा, आणि त्यासाठी हवा शिपायाचा नंबर.

आबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेलं नोंदीचं पुस्तक, वाळवीनं खाल्लं. आई सांगायची, भिंतीवरच्या फोटोमागे पेन्सिलीनं नंबर लिहिलेला होता. पण १९९० च्या सुमारास भावानं प्रेमानं तो फोटो फ्रेमवाल्याकडे दिला आणि त्यानं तो सरळ हार्डबोर्डवर डकवून टाकला. मागची बाजू गेली.

म्हणून हात जोडून सांगते. घरात असा फोटो असेल तर लॅमिनेट करू नका, कशावर चिकटवू नका. पुढून-मागून दोन्हीकडून स्कॅन करा, फिती, खांद्यावरच्या खुणा, पाट्या जवळून टिपा, आणि घरात नव्वदीचं कुणी असेल तर आजच जाऊन विचारा. रंगीत करायचा तर त्यानंतर करा, आणि मूळ फोटो त्याच्या शेजारी ठेवा. ॲप अंदाजानं रंग भरतं, त्याला बर्मा काय आणि इटली काय. चेहरा छान दिसतो हे खरं, पण माझ्या वडिलांची दोन वर्षं त्या एका इंचाच्या फितीत आहेत.

हार्डबोर्डवर डकवलेला जुना फोटो न फाटता सोडवून देणारं खात्रीचं कुणी माहीत असेल तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा. मी साताऱ्यात असते, फोटो घेऊन पुण्या-मुंबईला यायची तयारी आहे. पोस्टानं मात्र पाठवणार नाही.