कपाटातल्या पाच कॅमेऱ्यांपैकी दोन जाणार

गणेशाची चवथ झाली, पाऊस ओसरला आणि मी गोव्यातल्या डिचोलीच्या घरातलं कॅमेऱ्यांचं कपाट उघडलं. आत पाच फिल्म कॅमेरे: निकॉनचे एफएम२ आणि एफएम१०, पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१ आणि यशिका मॅट १२४जी. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी पडलेले. के१००० चामड्याच्या कव्हरात होता, त्याच्या लेन्सवर कोळिष्टकासारखी बुरशी. चामडं ओल धरून ठेवतं हे ठाऊक असूनही चार महिने तो तसाच राहिला, याचं फार वाईट वाटलं.

आपल्या हवेत नुसता ठेवलेला कॅमेरा टिकत नाही. वंगण घट्ट होतं, मागच्या दाराच्या फोमच्या पट्ट्या विरघळून डांबरासारख्या चिकटतात. पाच बॉड्या सतत वापरण्याइतके रोल मी काढत नाही. मग कोणाच्या तरी हातात त्या चालत्या राहिलेल्या बऱ्या.

बाजारात कशाला भाव आहे ते बघून ठेवायचं-विकायचं ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉडी म्हणजे शेवटी उजेड अडवणारा डबा आणि वेळेवर उघडमीट करणारं शटर. चित्र लेन्स आणि फिल्म घडवतात. म्हणून मी आधी लेन्स मांडल्या. निकॉनच्या चार निघाल्या, पेंटॅक्स आणि कॅननची एकेकच.

दुसरी कसोटी सेलची. गेल्या दिवाळीत, नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री, माझ्या गळ्यात दोन कॅमेरे होते. पहाटे तीनला एई-१ चा सेल संपला. त्याचं शटर विजेवर चालतं. सहा व्होल्टचा तो छोटा सेल नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही. दुकानं बंद, समोर नरकासुर पेटायच्या बेतात. एफएम२ चं शटर पूर्ण यांत्रिक, सेकंदापासून १/४००० पर्यंत सगळे वेग सेलशिवाय चालतात. सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. एचपी५ चा कृष्णधवल रोल कमी उजेडासाठी १६०० आयएसओवर (म्हणजे जास्त संवेदनशीलतेवर) धरला होता, ज्वाळांचा अंदाज घेत उरलेली रात्र त्याच एका कॅमेऱ्यावर काढली. त्या रोलमधल्या तीन फ्रेम आज माझ्या भिंतीवर आहेत.

म्हणून एफएम२ राहणार. एफएम१० सुद्धा राहणार, यावर मित्र नाराज आहेत. तो प्लास्टिकचा, निकॉनसाठी कोसिनाने बनवलेला, त्याला कोणी मान देत नाही. पण शटर यांत्रिक आणि लेन्स बसवायचा माउंट तोच. एकात रंगीत, दुसऱ्यात कृष्णधवल रोल घालून त्याच चार लेन्स फिरवता येतात. मला हेच हवं असतं.

यशिका मॅट राहणारच, त्याला मी कसोटीच लावली नाही. १२० च्या रोलवर बाराच फ्रेम मिळतात. त्यात वरून, मान खाली घालून बघावं लागतं. जत्रेत म्हाताऱ्या बायका डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यासमोर आखडतात, याच्यासमोर बोलत राहतात. त्याच्या मीटरसाठी बनलेला पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, मी उजेड अंदाजाने धरतो.

जीव अडकला तो के१००० मध्ये. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं जवळजवळ न बदलता निघालेला कॅमेरा, तोही यांत्रिक. शिकणाऱ्याच्या हाती द्यायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. त्यामुळे तो विकत नाही, वाळपईच्या एका कॉलेजच्या मुलीला देतोय. तिला दोन गोष्टी सांगितल्यात: मीटरला बंद करायचं बटण नाही, तेव्हा सेल वाचवायला लेन्सला टोपी घालूनच ठेव, आणि चामड्याचं कव्हर माझ्याकडेच राहू दे. लेन्स साफ करून आली की शनिवारी नेईल.

एई-१ मात्र विकायचा आहे. फोमच्या पट्ट्या नव्या घातल्यात, सेल नवा आहे. शटर मारलं की खोकल्यासारखा आवाज येतो, आतल्या आरशाच्या यंत्रणेला वंगण हवं आहे. तेवढे पैसे किमतीतून कमी करीन. मागचं दार उघडून सगळे वेग तपासा, लेन्समधून टॉर्च मारून बघा, मगच घ्या. शोकेससाठी हवा असेल तर कृपया मेसेज करू नका. येताना एक रोल घेऊन या, माझ्या अंगणातच भरू.