बँकेने कापले? कापू द्या!

पासबुकात ‘एमएबी चार्जेस’ (म्हणजे खात्यात महिन्याची सरासरी किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड) अशी त्रोटक नोंद दिसली की पहिलं काम करा, पासबुक मिटा. मोबाइलवर मेसेज आला असेल तर तोही उघडू नका. त्या मेसेजचे पैसे तुमच्याच खात्यातून गेलेले असतात, तरीही उघडू नका. तीनशे-साडेतीनशे रुपयांचा जाब विचारणं चांगल्या घरातल्या माणसाला शोभत नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो ते वेगळं. बँकेत एसी असतो.

तुमच्या या दिलदारपणाची नोंद थेट संसदेत झालेली आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड (आपल्या संभाजीनगरचेच) यांनी राज्यसभेत आकडे दिले. 2018 पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी खातेदारांकडून दंड आणि शुल्कापोटी 35 हजार कोटींहून जास्त गोळा केले होते. त्यातले 21 हजार कोटींहून अधिक केवळ खात्यात किमान शिल्लक नव्हती म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांच्याकडून! कर्ज बुडवून परदेशी गेलेल्यांच्या मागे बँका उगाच धावतात; वसुलीची खरी खाण तुमच्या बचत खात्यात आहे. स्टेट बँकेने 2017 मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या काळात अशा दंडातून 1,771 कोटी मिळवले. तिचा त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीचा नफा त्याहून कमी होता. पुढे 2020 मध्ये तिने हा दंड बंद केला, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही. हिरमुसू नका, खासगी बँका आहेत.

दंडावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याबद्दलही कुरकुर नको. किमान शिल्लक न ठेवण्याची जी सेवा बँकेने तुम्हाला पुरवली, तिच्यावरचा तो कर आहे.

रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं मात्र चुकूनही वाचू नका, झोप उडेल. शिल्लक घसरली की बँकेने आधी खातेदाराला कळवायचं, ती भरून काढायला महिनाभर द्यायचा आणि मगच दंड लावायचा, हा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. दंड जेवढी तूट त्या प्रमाणातच हवा, आणि केवळ या दंडापायी खातं उणेमध्ये जाता कामा नये. दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेल्या खात्याला हा दंड लावताच येत नाही. एटीएमने नोटा न देताच रक्कम वजा केली आणि ती पाच दिवसांत परत आली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये बँकेने खातेदाराला द्यायचे, तेही त्याने न मागता. असे शंभर रुपये मिळालेला कुणी तुमच्या ओळखीत आहे? नसणारच. तुमच्या ओळखीतले सगळे सुसंस्कृत आहेत.

एवढं सांगूनही पैसे परत मागायची खुमखुमी आलीच, तर शाखेत जा आणि तोंडी सांगा. काउंटरवरून उत्तर येईल, “सिस्टीमने कापलेत.” मान डोलवा. सिस्टीम कुणी बसवली, हे विचारणं असभ्यपणाचं. लेखी काही देऊ नका, आणि दिलंच तर पोच मागू नका. कारण लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार उघडतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ या तक्रारींच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते, अडलं तर 14448 या फोन नंबरवर विचारता येतं. मग बँकेला लेखी उत्तर द्यावं लागतं. कशाला कुणाला कामाला लावायचं? ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणा. एक-दोन दिवाळ्या गेल्या की तक्रारीची मुदत आपोआप टळते.

ग्राहक आयोगाचा रस्ता तर फारच धोक्याचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, आणि आपली बाजू आपणच मांडायची मुभा. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत काढली, तेव्हापासून ही भांडकुदळ सवय महाराष्ट्राला लागली आहे. कायदा म्हणतो, साधारण तीन महिन्यांत निकाल लावा. कायदे लिहिणाऱ्यांनाही विनोदबुद्धी असते. तारखांचा हा खेळ बघता काहीशे रुपयांसाठी आधी लोकपालच बरा, असं मी म्हणणार होतो; पण मी तुमच्या बाजूने नाही हे लक्षात आलं.

आदर्शच हवा असेल तर इंग्रजांकडे बघा. 2006-07 च्या सुमारास तिकडच्या खातेदारांनी ओव्हरड्राफ्टच्या (शिल्लकेपेक्षा जास्त पैसे काढल्याच्या) दंडाविरुद्ध छोट्या दाव्यांच्या कोर्टात हजारोंनी अर्ज ठोकले. कितीतरी प्रकरणांत बँकांनी सुनावणीआधीच पैसे मोजून विषय मिटवला. मग मोठा खटला उभा राहिला आणि 2009 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने कौल दिला. ज्यांनी आधी मागितले ते घेऊन गेले. ‘काय होतंय ते बघू’ म्हणून थांबलेल्यांचे बहुतेक राहिले. तुम्ही थांबणाऱ्यांतले. रांग मोडू नका.

समजा घरातल्या एखाद्या आगाऊ पोराने तुमच्या नावाने लोकपालाकडे तक्रार टाकलीच, तर काही दिवसांत बँकेतून फोन येऊ शकतो. आवाज कमालीचा गोड असेल. “सर, रूल्सप्रमाणे चार्जेस बरोबरच आहेत, पण तुम्ही आमचे जुने कस्टमर, म्हणून गुडविलमध्ये रिव्हर्स करतोय. तेवढी कम्प्लेंट मागे घेता का?” आपलेच पैसे बक्षीस म्हणून मिळताना गहिवरून या. रक्कम खात्यात जमा झाली का, हे न बघताच तक्रार मागे घ्या. आणि त्याच फोनवर क्रेडिट कार्ड देऊ केलं तर नाही म्हणू नका. पहिलं वर्ष फुकट आहे.