काका, चेन पडलीया काय?

कोल्हापुरात पन्नाशीचा माणूस सकाळी सकाळी सायकलवर दिसला, की बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. गाडी बंद पडली असणार, नाहीतर पोरानं नेली असणार, नाहीतर घरात काहीतरी बिनसलं असणार. हौस म्हणून कोण सायकल चालवेल, हे पटायला लोकांना फार जड जातं. त्यात सायकलवाला हेल्मेट घालून असला, तर डोक्याला टाके पडलेत का, याचीही चौकशी होते.

माझ्यावर ही पाळी भाच्यामुळं आली. तो नोकरीला अमेरिकेला गेला आणि जाताना आपली गिअरची सायकल आमच्या जिन्याखाली लावून गेला. पुढं तीन चकत्या, मागं सात. म्हणजे एकवीस गिअर, आणि घंटी मात्र नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही. बसायची सीट इतकी अरुंद, की ती बनवणाऱ्यानं माणूस बसलेला कधी बघितला असेल का, अशी शंका यावी. बायको तिला ओलांडून ओलांडून वैतागली होती. "एक तर चालवा, नाहीतर भंगारवाल्याला घाला," असा निकाल तिनं देऊन टाकला होता.

तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ आला. गावाच्या मधून वाहणारा ओढा, काठानं फक्त सायकलींसाठी केलेली गुळगुळीत वाट, दोन्ही बाजूला झाडी, पाण्यात बदकं. खाली लिहिलेलं, "मामा, दोन तास चालवली. वाटेत एक माणूस बोलला नाही. तिकडं असलं काय मिळणार?"

कोल्हापूरच्या माणसाला हे असलं लिहायचं नसतं. रंकाळ्याचा फोटो टाकून मी त्याला गप्प करू शकलो असतो, पण तो म्हणाला असता, मामा, हा तलाव झाला. ओढाच पाहिजे होता ना? मग आमची जयंती काय वाईट आहे? कात्यायनीच्या डोंगरांकडून निघते, कळंब्याकडून खाली उतरते, भर शहरातून वळणं घेत जाते आणि पंचगंगेला मिळते. आता लोक तिला नाला म्हणतात आणि पुलावरून जाताना श्वास रोखून धरतात, ही गोष्ट वेगळी. व्हिडिओला वास नसतो.

ठरलं. थंडीचे दिवस, हुतात्मा पार्कपासून सुरुवात, आणि पाण्याच्या कडेकडेनं पंचगंगेपर्यंत. फोनमध्ये सायकलवाल्यांचं ते अॅपही सुरू केलं, म्हणजे भाच्याला पुरावा पाठवता येईल.

जयंतीच्या काठानं सलग वाट अशी नाही. नदी एका घराच्या मागं शिरते, दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याच पुलाखालून बाहेर येते. मधल्या वेळात ती कुठं आहे हे नाकावरून ओळखायचं. नाक मात्र एकदाही चुकलं नाही. त्यात मडगार्ड नसल्यामुळं रस्त्यावरचं पाणी थेट पाठीवर. मागून येणाऱ्याला मी कुठून कुठून आलो ते माझ्या शर्टावर वाचता आलं असतं.

विल्सन पुलाजवळ गिअर बदलायला म्हणून जरा हळू झालो. पलीकडं लक्ष्मीपुरीत धान्याचा ट्रक उतरत होता. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल, गुडघे वाकलेले, मान खाली, तसाच थांबला आणि तिरक्या नजरेनं बघत म्हणाला, "काका, चेन पडलीया काय?"

"नाही, नाही. चाललंय बरोबर."

"मग हळू का चाललायसा?"

ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्यानं आपल्यासाठी थांबावं आणि आपण तसंच पुढं जावं, हे काही बरं दिसत नाही. उतरलो. स्टँड नाही, म्हणून सायकल ट्रकला टेकवली. मग दुसरा हमाल आला, ड्रायव्हर आला. तिघांनी मिळून चेन बघितली, चांगली आहे असं ठरवलं, आणि ड्रायव्हरनं तरीही तिला तेल सोडलं. अमेरिकेतल्या सायकलींना स्टँड का नसतो ते मला तिथं कळलं. तिकडं थांबवणार कोण?

शाहूपुरीत कुंभार गल्लीत शिरलो. नदी इथं घरांच्या पाठीला लागूनच आहे. माघी गणेश जयंतीचे गणपती दारात वाळत होते, रंग अजून लागायचा होता. एक म्हातारे मूर्तीच्या सोंडेवरून ओला हात फिरवत बसले होते. एवढ्याशा ओळखीवर त्यांनी मला आत बोलावलं आणि भिंत दाखवली. भिंतीवर दोन रेघा होत्या. "ही एकोणीसची. आणि ही वरची एकवीसची." २०१९ च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३ फूट. पंचगंगा फुगली की जयंतीचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं फिरतं आणि या गल्लीत शिरतं. पुराचा आकडा कोल्हापुरात पोरांच्या टक्क्यांसारखा तोंडपाठ असतो, पण तो भिंतीवर बघणं वेगळं. "इथं हुबं ऱ्हावा बघू," म्हाताऱ्यांनी मला भिंतीला लावलं. खालची रेघसुद्धा हेल्मेटच्या वर वीतभर होती. "आलं तवा सगळं साच्यासकट गेलं," ते म्हणाले आणि परत सोंडेकडं वळले. जाताना मात्र विचारलंच, "टोपी कशापायी? पडायचं हाय काय कुठं?"

व्हीनस कॉर्नरला खरा प्रसंग गुदरला. मागून टेम्पो आला, शेजारी लागला आणि आतून ओळखीचा आवाज. आमच्या गल्लीतला पोरगा, कोबीची पोती घेऊन निघालेला. "काका! काय झालं गाडीला?"

"काही नाही रे. सहज. व्यायाम."

"टाका की मागं. सोडतो."

"अरे, मला सायकलच चालवायचीय."

"कुठं जायचंय?"

"पंचगंगेवर."

"मी तिकडंच चाललोय की! टाका."

मी पुन्हा नको म्हणालो. त्याचा चेहरा पडला. "मी काय पैसं मागितलं काय, काका?" मागं रिक्षा, एसटी आणि दोन दूधवाले खोळंबलेले. त्यांनीही एकमतानं 'बसा की ओ' असा ओरडा सुरू केला. आता मला सांगा, अख्खं व्हीनस कॉर्नर एका बाजूला आणि आपण एका बाजूला असताना माणूस करणार काय? सायकल कोबीवर चढली, मी पुढं.

जयंती पूल मी टेम्पोच्या खिडकीतून बघितला. इथंच नाल्याचं पाणी अडवून, उपसून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडं पाठवतात, म्हणजे बघण्यासारखी जागा. पण पोरगा गावातल्या एका लग्नाची हकीकत सांगत होता आणि तीही बघण्यासारखीच होती. दसरा चौक गेला, सीपीआर हॉस्पिटल गेलं. अॅप खिशात चालूच. भाच्याचा निरोप घाटावर उतरता उतरता आला: "मामा, ताशी बेचाळीस?? नाद खुळा!" मी अंगठा पाठवून दिला.

घाटावर धुकं होतं, पाण्यावरून वाफ निघत होती, आणि क्षणभर खरंच कोणी बोललं नाही. तेवढ्यात म्हशी आल्या. आता आमच्याकडच्या म्हशींचं एक आहे. दिवाळीत गवळी लोक त्यांची शिंगं रंगवतात, मोरपिसांचे तुरे बांधतात, कवड्यांच्या माळा घालतात, आणि मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, म्हैस त्याच्या मागं धावत, अशी मिरवणूक निघते. दोन चाकं पुढं पळाली की आपण मागं पळायचं, हे त्या म्हशीला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ती मोटरसायकल आहे का गिअरची सायकल, एवढी बारकाई कोण करतंय?

मी पायडल मारलं आणि एक म्हैस कळपातून सुटली. शिंगांवरचा दिवाळीचा लाल रंग अजून गेला नव्हता. मी वेग वाढवला, तिनं वाढवला. एकवीसपैकी कुठला गिअर लावायचा हे त्या घाईत सुचेना, तेव्हा चेन मधेच निसटली आणि पाय नुसते फिरायला लागले. मी थांबलो, ती थांबली. मग तिनं शांतपणे माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचा घाम चाटला. जीभ अशी, की सुताराचा पॉलिश पेपर.

"काय करत न्हाई ती," मागून गवळी पळत आला. "तुमास्नी मालक समजली."

सायकल मला नीट करता येईना, म्हणून तो, मी, म्हैस असे तिघं चालतच गंगावेशीत दूध कट्ट्यावर आलो. तिनं वाटेत दोनदा माझ्या शर्टाकडंही तोंड नेलं, त्यावर काय काय होतं कुणास ठाऊक. कट्ट्यावर त्यानं समोरच धार काढली आणि फेसाचा ग्लास हातात दिला. जेवढं वजन घटवलं असेल तेवढं सगळं एका ग्लासात परत. पिऊन होईपर्यंत त्यानं चेन बसवली होती आणि सायकलीभोवती फिरून तिला पारखत होता. टायर दाबलं, ब्रेक दाबले, सीट दोन बोटांनी उचलून बघितली.

"केवढ्याला घेतली?"

"भाच्यानं घेतलेली. पंचेचाळीस हजार."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एक राऊंड मारू?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्या हातात दावं देऊन पापाच्या तिकटीकडं निघालासुद्धा. म्हैस त्याच्या मागं निघायला बघत होती, मी तिला धरून उभा. ग्लास खाली ठेवायलाही हात मोकळा नव्हता. दहा मिनिटांनी तो आला, घामाघूम, तोंडभर हसत.

"पळती झकास. ब्रेकबी कडक. पण मालक, मागं कॅरिअर न्हाई. कॅन कुठं अडकवायचा?"