शेपटीवरचं चिन्ह उलटं नाहीच

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या, मेसरश्मिट १०९ च्या, शेपटीचा फोटो आणि त्याखाली चार दावे, असा एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. नाझींनी आपलं स्वस्तिक उलटं करून वापरलं. या विमानाच्या जोडून करायच्या छोट्या मॉडेलच्या डब्यात ते चिन्ह मिळत नाही, कारण त्यावर जगभर बंदी आहे. पंखावरचा क्रॉस हिटलरच्या पक्षाचा. आणि पिवळ्या नाकाची विमानं म्हणजे जर्मन हवाई दलप्रमुख ग्योरिंगची निवडक तुकडी. चारातला एकही धड नाही.

पहिला दावा आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतो, त्यामुळे आधी तोच. डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांचा, कागद हाताशी असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो. शेपटीचं चिन्ह कापून घ्या आणि पाण्यात टाकायच्या आधी ४५ अंशांत फिरवा. उंबऱ्यावर कुंकवानं काढतो तेच समोर येतं: वरची उभी रेघ उजवीकडे वळलेली, फक्त चार ठिपके तेवढे नाहीत. कितीही फिरवलं तरी उजव्याचं डावं होत नाही, त्यासाठी आरसाच लागतो. जर्मनांनी ते तिरकं केलं, उलटं नाही. शिवाय शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकाच वळणाचं रंगवत, म्हणून डेकलमध्ये डाव्या-उजव्या बाजूची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच प्रकारे. युद्धाच्या उत्तरार्धातलं नुसतं काळं चिन्ह पाण्यात पालथं झालं तर पटकन कळत नाही. मी एकदा तसंच चिकटवलं आणि वर सेटिंग सोल्यूशनही, म्हणजे डेकल पक्कं बसवणारं द्रावण, फिरवलं. खरोखर उलटं स्वस्तिक असलेलं मेसरश्मिट हवं असेल तर ते माझ्या कपाटात आहे.

सरळ उभं स्वस्तिकही याच विमानावर होतं, पण फिनलंडच्या. तिथल्या हवाई दलाचं निळं स्वस्तिक १९१८ पासूनचं. एका स्वीडिश काउंटनं, एरिक फॉन रोझेननं, भेट दिलेल्या विमानावर त्याचं हे शुभचिन्ह होतं. नाझी पक्ष तेव्हा जन्मालाही आला नव्हता. १९४३ पासून फिनलंडला मेसरश्मिट मिळाली, त्यांच्यावर हेच निळं चिन्ह आलं.

आता बंदी. ती जगभर नाही. जर्मनीच्या दंडसंहितेचं कलम ८६अ अशा चिन्हांच्या सार्वजनिक वापराला आणि प्रसाराला मनाई करतं. कला, संशोधन, अध्यापन यांना त्यात सवलत आहे. खेळण्यांच्या दुकानात जाणाऱ्या डब्यासाठी कोर्टात सवलतीचा वाद घालत कोण बसणार? म्हणून कंपन्या चिन्ह गाळतात, किंवा दोन तुकड्यांत छापून जोडायचं काम आपल्यावर सोडतात. भारतात तशी बंदी नाही, पण डबा सगळ्या बाजारांसाठी एकच असतो. हे तुकडे पाहून ‘मूळ विमानावरही तुटकंच होतं’ म्हणणारे भेटलेत. १९३९ च्या विमानांवर ते फिन (शेपटीचा स्थिर उभा भाग) आणि रडर (त्यामागचा हलता भाग) दोन्हींवर पसरलेलं असे, बिजागरीची फट मधोमध, एवढंच त्यात तथ्य. तिथे डेकल सुकल्यावर फटीतून ब्लेड फिरवावं लागतं.

क्रॉसबद्दल फार बोलायला नको. सरळ दांड्यांचा तो क्रॉस जर्मन विमानांवर १९१८ मध्येच आला, जर्मन सम्राट कैसरच्या काळात.

राहिलं पिवळं नाक. १९४० च्या ऑगस्टअखेरपासून इंग्लिश खाडीवर लढणाऱ्या अनेक तुकड्यांनी नाकं पिवळी केली, आपलं विमान आपल्याच माणसानं पाडू नये म्हणून. समोरच्या ब्रिटिश वैमानिकांना ती निवडक तुकडी वाटली आणि दंतकथा सुरू झाली. पुढच्या वर्षी बाल्कनच्या मोहिमेतही पिवळी नाकं होती. तुकडी ओळखायची तर विमानाच्या बाजूवरच्या आकड्याचा रंग बघावा. स्टाफेल म्हणजे छोटी तुकडी, अशा साधारण तीन मिळून एक ग्रुप. प्रत्येक ग्रुपच्या पहिल्या स्टाफेलला साधारणपणे पांढरा, दुसरीला लाल किंवा काळा, तिसरीला पिवळा. क्रॉसच्या मागे आडवी पट्टी म्हणजे दुसरा ग्रुप. आफ्रिकेत नाव काढलेल्या जर्मन वैमानिक मार्सेईचा ‘पिवळा १४’ पिवळा होता, कारण तो जेजी २७ या, अनेक ग्रुप मिळून बनलेल्या, लढाऊ दलाच्या तिसऱ्या स्टाफेलमध्ये होता. त्याच्या खात्यावरच्या १५८ पाडलेल्या विमानांचा त्या रंगाशी काही संबंध नाही. त्याचं मॉडेल करताना मागच्या धडावरचा पांढरा पट्टा मात्र विसरू नका. तो भूमध्य समुद्राच्या आघाडीचा, आणि डब्यात डेकल नसेल तर मास्किंग टेप लावून रंगवावा लागतो.